खर्ज कोण धरतो?

एखादा अल्बम पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत, कलाकाराने लावलेल्या क्रमाने, मध्ये न उठता ऐकायचा, असं मी ठरवून सुरू केलं ते लॉकडाउनच्या काळात. त्याआधी आयुष्यभर ऐकत आलो ते ख्याल, नाट्यपदं, अभंग, भावगीतं. जॅझ, रेगे, हिप-हॉप, बाख ही नावं माहीत होती. त्यातलं एखादं गाणं कानावर पडलं की बरंही वाटायचं. पण राग सुरू झाला की आत जे हलतं ते तिथे हलायचं नाही, आणि का हलत नाही हे मला खरोखरच समजून घ्यायचं होतं.

सुरुवात मुद्दाम घरच्या दारातून केली. ‘कॉल ऑफ द व्हॅली’ हा एचएमव्हीचा १९६७ चा अल्बम. शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी, ब्रिजभूषण काब्रा यांची गिटार आणि तबल्यावर माणिकराव पोपटकर. काश्मीरच्या खोऱ्यातल्या मेंढपाळाचा एक दिवस, अशी त्याची कल्पना. पहाटेला अहीर भैरव आणि नट भैरव, मग पिलू, भूप, रात्रीकडे जाताना देस आणि शेवटी पहाडी. तो करवून घेतला जी. एन. जोशी यांनी. ‘रानारानात गेली बाई शीळ’ गाणारे तेच जोशी, पुढे एचएमव्हीत रेकॉर्डिंगचं काम बघत होते. भावगीताच्या पहिल्या पिढीतल्या माणसाच्या हातून वाद्यसंगीताचा जगभर ऐकला गेलेला अल्बम घडावा, याचा मला फार आनंद होतो. ज्या माणसाने साडेतीन मिनिटांच्या तबकडीत अख्खं गाणं बसवलं, त्याला वीस-बावीस मिनिटांच्या एका बाजूचं मोल नक्की कळत असणार.

हा अल्बम मी वर्षानुवर्षं तुकड्यातुकड्यांनी ऐकला होता. सलग ऐकल्यावर कळलं की पहाडीची धून अशी का लागते. तिच्याआधी अख्खा दिवस उलटून गेलेला असतो. गाण्यांचा क्रम अॅपने पिसून दिला तर पहाटेच्या आधी रात्र येईल. नोव्हेंबर २०२१ मध्ये अॅडेल या गायिकेच्या सांगण्यावरून स्पॉटिफायने अल्बमच्या पानावरचं ‘शफल’चं मुख्य बटण काढलं आणि आधी क्रमाने वाजवणं सुरू केलं. ही बातमी वाचली तेव्हा मनापासून बरं वाटलं. क्रम ही कलाकाराने केलेली रचना आहे.

माझं बालपण मिरजेतलं, सतारमेकर गल्लीपासून हाकेच्या अंतरावर. शाळेतून येताना कारागीर तानपुऱ्याची जवारी काढताना दिसायचे. घोडीचा पृष्ठभाग कानशीने हलके हलके घासायचा, तार चढवायची, छेडायची, पुन्हा उतरवून घासायचं. मग तार आणि घोडी यांच्यामध्ये दोऱ्याचा बारीक तुकडा सरकवायचा. तो केसभर पुढे गेला तर आवाज बंद, केसभर मागे आला तरी बंद. मधल्या एकाच जागी तार अचानक उघडते आणि तिच्या पोटातले सगळे स्वर बाहेर येतात. पंचम, जोडीच्या दोन तारा आणि शेवटी खर्ज, म्हणजे सगळ्यात खालचा षड्ज. त्या खर्जाच्या तारेनंतरच कारागिराची मान डोलायची. माझा कान तिथे तयार झाला. त्यामुळे कुठलंही संगीत लागलं की मी नकळत तळाशी जातो: इथे सगळ्यांना धरून कोण बसलंय?

नव्या संगीतात शिरायला हाच प्रश्न मला कामी आला.

एक व्यवहाराची गोष्ट. मोबाइलच्या स्पीकरवर तळ ऐकूच येत नाही. उभ्या बासची (व्हायोलिनच्या घरातलं माणसाएवढं वाद्य) किंवा बास गिटारची सगळ्यात खालची तार सेकंदाला ४१ च्या आसपास कंपनं करते आणि एवढ्याशा स्पीकरला ती हलवता येत नाहीत. आपल्यापर्यंत पोचतात ते वरवरचे अंश. म्हणजे मोबाइलवर जॅझ ऐकणारा माणूस तानपुरा काढून टाकलेली मैफल ऐकत असतो. मी जुने मध्यम आकाराचे दोन स्पीकर घेतले, भिंतीपासून थोडे पुढे ओढले. त्या दिवशी जुनीच गाणी नवी वाटली. ज्यांच्याकडे स्पीकर ठेवायला जागा नाही त्यांनी कान झाकणारा बरा हेडफोन घ्यावा, पण तळ ऐकावाच.

मग ‘काइंड ऑफ ब्लू’. माइल्स डेव्हिसचा हा अल्बम न्यूयॉर्कमध्ये २ मार्च आणि २२ एप्रिल १९५९ अशा दोन दिवसांत रेकॉर्ड झाला. कोलंबिया कंपनीचा तो थर्टिएथ स्ट्रीटचा स्टुडिओ म्हणजे पूर्वीचं चर्च. उंच छत, लाकडी जमीन. ट्रम्पेटवर स्वतः माइल्स, सॅक्सोफोनवर जॉन कोल्ट्रेन आणि कॅननबॉल अॅडरली, पियानोवर बिल इव्हान्स (एका रचनेत विंटन केली), बासवर पॉल चेंबर्स, ड्रमवर जिमी कॉब.

पहिली रचना ‘सो व्हॉट’. सुरुवातीला पियानो आणि बास यांची ताल नसलेली काही वाक्यं येतात, आलापासारखी. मग ताल धरला जातो आणि मुखडा वाजवतो तो बास! बाकीचे त्याला दोन स्वरांचा होकार देतात. तळ धरणाऱ्यानेच मुखडा म्हणावा, हे मी पहिल्यांदा ऐकत होतो. पॉल चेंबर्सचं वय तेव्हा तेवीस.

स्वर ओळखायला हार्मोनियम घेऊन बसलो. पट्टी पांढरी दोन. गंधार आणि निषाद कोमल, बाकी शुद्ध. म्हणजे सरळ काफी थाट. ते लोक याला डोरियन म्हणतात. काफी म्हटल्यावर मी घरी आलो. पण थोड्या वेळाने अख्खं घर अर्धा स्वर वर गेलं. तोच काफी, पण आता काळी दोनमध्ये. आमच्याकडे तानपुरा एकदा लागला की लागला, षड्ज हलवायची गोष्ट कोणी करत नाही. इथे षड्ज वर सरकतो, काही काळ तिथे राहतो आणि परत येतो.

किती काळ? ते बोटांवर मोजलं. रचना ३२ बारची, एकेक बार चार मात्रांचा. पहिले सोळा बार पांढरी दोनमध्ये, म्हणजे ६४ मात्रा, म्हणजे तीनतालाची चार आवर्तनं. मग दोन आवर्तनं काळी दोनमध्ये, आणि पुन्हा दोन पांढरी दोनमध्ये. सगळी मिळून आठ आवर्तनं. हे हिशेबात बसल्यावर माइल्सचं वादन मला दिसायला लागलं. तो आठ-आठ आवर्तनांच्या दोन फेऱ्या घेतो. स्वर मोजकेच. षड्ज बदलायच्या क्षणी तो घाई करत नाही, वर गेल्यावरही सावकाश पाऊल टाकतो. त्याच्यामागून कोल्ट्रेन येतो तो ताना घेतच. मग कॅननबॉल, त्याचा स्वभाव मोकळा, लाडिक. शेवटी इव्हान्स, बहुतेक नुसत्या स्वरगुच्छांत बोलतो. एकाच बंदिशीवर चार घराण्यांचे गवई पाठोपाठ बसले, आणि खाली बास एकदाही जागा सोडत नाही.

शेवटच्या ‘फ्लेमेंको स्केचेस’मध्ये तर पाच स्वरमाला ठरवून दिल्या आहेत, आणि वादकाने एकेकीत हवा तेवढा वेळ राहावं, मग पुढे जावं. राग एकेका स्वराने उलगडत नेतात त्या बढतीचं तत्त्व याहून वेगळं काय असतं!

आमच्या एका स्नेह्यांकडे याची जुनी एलपी आहे. त्यांच्या घरी ती लावली आणि मी फोनमधला तानपुरा पांढरी दोनला लावला. जुळेना. तबकडी एखाद्या श्रुतीइतकी चढी. घरच्या सीडीवर मात्र चोख जुळत होतं. कारण नंतर वाचायला मिळालं: मार्चमधल्या रेकॉर्डिंगच्या दिवशी मुख्य टेपयंत्र किंचित सावकाश फिरत होतं. नेहमीच्या वेगाने टेप वाजवली की स्वर चढायचा. जुन्या एलपीची पहिली बाजू अनेक वर्षं तशीच विकली गेली आणि १९९० च्या दशकात दुसऱ्या यंत्रावरची टेप वापरून ती दुरुस्त झाली. मिरजेच्या कारागिराला हा फरक पहिल्या फुंकरीत कळला असता, असं त्या संध्याकाळी मी स्नेह्यांना म्हणालो.

ऐकण्याची रीत इथे पक्की झाली. पहिल्या वेळी काही वाचायचं नाही, नुसतं बसायचं. पुढच्या वेळी फक्त तळाशी राहायचं, वर कोण काय करतंय त्याच्यामागे जायचं नाही. त्यानंतर वेष्टनावरचा मजकूर, कोण वाजवतंय, कुठे, कोणत्या साली. काही दिवसांनी पुन्हा एकदा, सगळं विसरून.

रेगेशी गाठ पडली ती बॉब मार्ली अँड द वेलर्सच्या ‘एक्झोडस’मुळे. १९७७ चा अल्बम. डिसेंबर १९७६ मध्ये किंगस्टनला मार्लीच्या घरात घुसून त्याच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. तो वाचला, जमैका सोडून लंडनला गेला आणि तिथे हा अल्बम पूर्ण झाला. तळाला दोन सख्खे भाऊ: बासवर अॅस्टन बॅरेट, ड्रमवर कार्ल्टन बॅरेट. त्यांच्या ठेक्याला ‘वन ड्रॉप’ म्हणतात. चार मात्रांतली पहिली मोकळी सोडायची आणि सगळं वजन तिसरीवर टाकायचं. तबल्यावर वाढलेल्या माणसाला हा मोठाच धक्का. समेवर हात उचलला जातो आणि काहीच पडत नाही! तीनतालाचे चार विभाग डोळ्यांपुढे आणा: सम, टाळी, खाली, टाळी. आपण जिथे खाली दाखवतो, नेमका तिथे त्यांचा घाव बसतो. मी मांडीवर टाळी-खाली देत ऐकायला बसलो आणि खालीच्या जागी मूठ मारायला लागलो. तेव्हा कुठे ती डोलणारी, मागे रेललेली चाल अंगात उतरली.

या अल्बमच्या दोन बाजू मुद्दाम वेगळ्या केल्या आहेत. पहिलीवर धर्म, राजकारण, घर सोडून निघालेले लोक, आणि शेवटी सात मिनिटांहून मोठं शीर्षकगीत. दुसरी बाजू उघडते ती उत्सवाने, मग प्रेम, दिलासा. ‘थ्री लिटल बर्ड्‌स’ हे गाणं लहान मुलांच्या वाढदिवसालाही वाजतं. जिवावरच्या संकटातून गेलेल्या माणसाने ते कुठल्या गाण्यांनंतर ठेवलंय हे कळलं की त्याचा दिलासा पोकळ राहत नाही.

हेवी मेटलशी माझं अजून पूर्ण जुळलेलं नाही. मेटॅलिकाचा १९८६ चा ‘मास्टर ऑफ पपेट्स’ लावला. तिथे तळ आणि वरचा मजला दोन्ही गिटारच व्यापते, मला पाय टेकायला जागा मिळाली नाही. ‘ओरायन’ ही शब्दांविना असलेली लांब रचना मात्र वेगळी. तिच्या मधल्या भागात क्लिफ बर्टनचा बास एकटा पुढे येतो, आणि तेवढ्यासाठी मी तो अल्बम पुन्हा लावतो.

बाखसाठी धीर गोळा करावा लागला. पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत म्हणजे वाद्यांचा मोठा ताफा, अशी माझी समजूत होती. ‘गोल्डबर्ग व्हेरिएशन्स’ निघालं एका वाद्याचं, एका माणसाचं. बाखने हे १७४१ मध्ये छापलं. सुरुवातीला एक संथ धून, तिला आरिया म्हणतात. मग तीस रूपं आणि शेवटी तीच धून पुन्हा. मी वरच्या सुरावटीमागे गेलो आणि हरवलो. कारण तीस रूपांत ती सुरावट नाहीच. टिकून राहतो तो तिचा खर्ज: डाव्या हाताचे स्वर, ३२ बारची ती चाल. त्याच पायावर तीस वेगळी घरं उभी राहतात. डावा हात धरल्यावर एकदम वाट सापडली. तिसावं सोडलं तर दर तिसऱ्या रूपात दोन आवाज एकमेकांचा पाठलाग करतात, एक म्हणतो तेच दुसरा थोड्या वेळाने म्हणतो, आणि दर खेपेला दोघांतलं स्वरांचं अंतर एका पायरीने वाढतं. हे कळल्यावर पुढच्या पाठलागाची वाट बघत बसायला लागलो.

पियानोवादक ग्लेन गूल्डने हे दोनदा रेकॉर्ड केलं, १९५५ आणि १९८१ मध्ये, दोन्ही वेळा न्यूयॉर्कच्या त्याच थर्टिएथ स्ट्रीटच्या स्टुडिओत जिथे ‘काइंड ऑफ ब्लू’ झालं. पहिल्या वेळी तो २२ वर्षांचा. सगळं ३८ मिनिटांच्या आसपास संपवतो, सुरुवातीची आरिया दोन मिनिटांच्या आतच. दुसऱ्या वेळी ४८ वर्षांचा. एकूण ५१ मिनिटं, आणि तीच आरिया तीन मिनिटांहून जास्त. वाजवताना तो गुणगुणतो आणि ते रेकॉर्डिंगमध्ये चांगलं ऐकू येतं. आमच्याकडे साथीला बसलेला शिष्य जसा नकळत मागून सूर देतो, तसा तो स्वतःलाच देतो. ऑक्टोबर १९८२ मध्ये तो गेला. मला विचाराल तर १९८१ चं रेकॉर्डिंग आधी ऐकावं. त्यात डावा हात शांतपणे बोलतो, पाया स्पष्ट दिसतो. १९५५ च्या वेगाचा आनंद नंतर जास्त मिळतो.

हिप-हॉपमध्ये माझी मुलगी घेऊन गेली. केंड्रिक लमारचा २०१५ चा ‘टू पिंप अ बटरफ्लाय’ तिने लावला आणि मी शब्दांचा अर्थ विचारायला लागलो तर म्हणाली, “बाबा, अर्थाचं नंतर बघू. तो श्वास कुठे घेतोय तेवढं ऐका.” बरोबर सांगितलं तिने. श्वासाकडे लक्ष दिल्यावर लक्षात आलं की तो मात्रेच्या किंचित मागे राहून, किंचित पुढे जाऊन बोलतो आणि समेवर बिनचूक येतो. पढंत करणाऱ्या, म्हणजे बोल तोंडाने म्हणणाऱ्या तबलजीचीच ही करामत. तळाला थंडरकॅटचा बास, साथीला कमासी वॉशिंग्टनचा सॅक्सोफोन. जॅझ पुन्हा भेटलं.

पण या अल्बममध्ये सगळ्यांना धरून ठेवणारी गोष्ट स्वर नाही, ताल नाही. ती एक कविता आहे. एका गाण्याच्या शेवटी तिच्या एक-दोन ओळी येतात. पुढे कुठेतरी त्याच ओळी आणि त्यांच्यापुढे आणखी थोड्या. असं वाढत वाढत शेवटच्या गाण्यात ती पूर्ण म्हटली जाते, आणि मग कळतं की तो ती कोणाला तरी वाचून दाखवत होता. समोर तुपाक शकूर, १९९६ मध्ये मारला गेलेला रॅपर. त्याच्या १९९४ च्या एका मुलाखतीतला आवाज घेऊन हा संवाद रचला आहे. मुलीला मी म्हटलं, आपल्या कीर्तनात बुवा पूर्वरंगाला मूळपद घेतात, निरूपणात कुठल्या कुठे फिरवून आणतात आणि दर खेपेला त्याच पदावर येतात. प्रत्येक फेरीत त्या पदाचा अर्थ वाढलेला असतो. तिने कीर्तन सलग बसून ऐकलेलं नव्हतं. पुढच्या रविवारी ती माझ्याबरोबर आली आणि पूर्ण वेळ बसली.

या सगळ्यानंतर आपल्याकडचे अल्बम पुन्हा काढले. सौमित्र आणि मिलिंद इंगळे यांच्या ‘गारवा’त आधी कविता बोलली जाते, मग गाणं येतं. बोलणं कापून नुसती गाणी ऐकली की पाऊस निम्मा होतो. किशोरी आमोणकरांची भूप आणि बागेश्रीची एलपी ऐकली. ‘प्रथम सूर साधे’ आणि त्यावर ‘सहेला रे’. मैफलीत तासभर चालेल असा भूप एका बाजूच्या मर्यादेत बसवायचा, तरी विलंबिताचा निवांतपणा सोडायचा नाही, हे काय कसब आहे! पूर्वी मी यात फक्त गळा ऐकायचो. आता तानपुरा ऐकतो, आणि किशोरीताई त्याच्यापासून कुठे लांब जातात, कुठे त्याला येऊन टेकतात ते ऐकतो. पाच स्वर, मध्यम-निषाद नाहीत, त्यामुळे गंधार आणि धैवतावर किती भार येतो हे डोरियन मोजत बसल्यावर जास्त नीट कळलं.

सध्या आमच्याकडे ‘ब्युएना व्हिस्टा सोशल क्लब’ चालू आहे. क्यूबातल्या हवाना शहरात १९९६ मध्ये रेकॉर्ड झालेला, १९९७ मध्ये बाजारात आलेला. त्यात सत्तरीतले पियानोवादक रुबेन गोन्सालेस आहेत, नव्वदीला टेकलेले गायक-वादक कोंपाय सेगुंदो आहेत. इथे सगळ्यांना धरून ठेवतं ते क्लावे. लाकडाचे दोन दांडके आणि त्यांवरचे पाच आघात. ते नेहमी ऐकू येतीलच असं नाही, पण प्रत्येक वादक मनात तेच मोजत असतो. त्याची एक रीत आपल्या हिशेबात बसते: सोळा मात्रा धरा आणि १, ४, ७, ११, १३ वर टाळी द्या. पहिल्या तीन टाळ्या सारख्या अंतराने धावतात, ७ नंतर मोठी जागा सुटते, मग ११ आणि १३ जवळ जवळ पडतात. मुलगी डाव्या हाताने तीनतालाचा ठेका टेबलावर धरते आणि मी उजवीकडून या पाच टाळ्या देतो. दोन आवर्तनं झाली की अदलाबदल.